मंदीत पायलटांचा पगार कापताना: किती, कशातून आणि कधीपर्यंत

विमान कंपनी तोट्यात गेली की पायलटांपुढे सगळ्यात आधी येतो तो टक्क्यांचा आकडा. पंधरा टक्के, तेवीस टक्के, बत्तीस टक्के. बातमीत तोच छापला जातो, घरात हिशेबही त्याचाच मांडला जातो आणि ‘संकट सगळ्यांचं आहे, सगळ्यांनी मिळून सोसू’ हे वाक्यही त्यालाच जोडून येतं. खरं म्हणजे करारातला सगळ्यात उघड, सगळ्यात सरळ भाग तोच असतो. माणसं पस्तावतात ती दुसऱ्या तीन जागी: कपात कशातून झाली, ती कुणाच्या अंगावर पडली आणि ती संपणार कधी.

हे नीट बघायचं तर अमेरिकेतलं २००१ नंतरचं दशक घ्यावं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले, पुढे इंधन महागलं आणि मोठ्या कंपन्या रांगेने दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या (तिथे कंपनी लगेच बंद होत नाही; कोर्टाच्या देखरेखीखाली चालू राहून देणी आणि करार नव्याने ठरवते). यूएस एअरवेज २००२ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये, युनायटेड डिसेंबर २००२ मध्ये, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट तर एकाच दिवशी, १४ सप्टेंबर २००५ ला. अमेरिकन एअरलाइन्स २०११ पर्यंत तग धरून होती. या प्रत्येक ठिकाणी पायलटांनी पगार सोडला, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी कंपनीइतकंच ते आपल्या युनियनशी आणि एकमेकांशीही भांडले. का भांडले, ते समजायचं तर आधी एक यादी समजून घ्यावी लागते.

सिनिऑरिटीची यादी

प्रत्येक मोठ्या अमेरिकन कंपनीत पायलटांची एकच ज्येष्ठता यादी असते. रुजू झालात की तळाचा नंबर. वरचे निवृत्त होतील तसतसे तुम्ही वर सरकता. बाकी सगळं हा नंबर ठरवतो: कुठलं विमान, डावी (कॅप्टनची) खुर्ची की उजवी (को-पायलटची), कुठल्या शहरातून ड्यूटी, दिवाळी म्हणा वा नाताळ म्हणा, सुट्टी मिळणार की नाही, महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक मिळणार की फोनची वाट बघत ‘रिझर्व्ह’वर बसायचं. पगाराचा तासाचा दर विमान, खुर्ची आणि नोकरीची वर्षं यांवर असतो, पण त्या विमानापर्यंत आणि त्या खुर्चीपर्यंत नेतो तो नंबरच. कामगिरी, शिफारस, साहेबाची मर्जी यांना इथे जागा नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. विमानात बिघाड आहे, मी उडवणार नाही, असं म्हणणाऱ्या कॅप्टनची बढती त्यामुळे कुणी अडवू शकत नाही.

अडचण अशी की हा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षं उडवलेला कॅप्टन नोकरी बदलतो तेव्हा तिथे तळाशी, को-पायलट म्हणून, पहिल्या वर्षाच्या पगारावर बसतो. इंजिनिअर किंवा हिशेबनीस पगार कापला तर दुसरीकडे जातो. पायलटला तो मार्ग जवळपास बंद असतो. म्हणून मंदीत तो कंपनीशी बांधलेला राहतो, आणि म्हणूनच युनियनचा करार हीच त्याची खरी मालमत्ता असते.

ले-ऑफ, ज्याला तिथे फर्लो म्हणतात, तोही या यादीच्या तळापासून वर होतो. फर्लो म्हणजे बडतर्फी नव्हे. नंबर कायम राहतो आणि काम वाढलं की त्याच क्रमाने परत बोलावतात. फक्त तोवर पगार नसतो. आता मतदानाचा प्रसंग घ्या. कंपनी म्हणते, एकतर सगळे दहा टक्के सोडा, नाहीतर तळाचे दहा टक्के लोक घरी जातील. यादीत वरच्या निम्म्यात असलेल्या माणसाला दुसऱ्या पर्यायात वरवर पाहता काहीच गमवावं लागत नाही. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, पण मतदानात दोघांनाही मत एकेकच. तरीही वरचे लोक अनेकदा कपातीला हो म्हणतात, आणि त्यात माणुसकी असतेच. पण वरच्यांनाही फर्लोची झळ लागते, ती अशी.

कंपनी मोठी विमानं उभी करते. त्यावरचे कॅप्टन बेकार होत नाहीत. आपल्या नंबरच्या जोरावर ते मधल्या विमानाच्या कॅप्टनला खाली ढकलतात. तो कॅप्टन को-पायलट होतो, आणि तळाचा को-पायलट बाहेर जातो. बाहेर गेला एक, पण दोघांना नवं विमान किंवा नवी खुर्ची शिकावी लागली. प्रत्येकाचं प्रशिक्षण काही आठवड्यांचं, सिम्युलेटरवर, पूर्ण पगारी. शिवाय बाहेर गेलेला सगळ्यात कमी पगाराचा होता. म्हणून तळाच्या दहा टक्के लोकांना काढून पगारखर्च दहा टक्के कधीच वाचत नाही, आणि पहिले काही महिने तर खर्च उलट वाढतो. वाटाघाटीत युनियनच्या हातात असलेलं हे फार मोठं हत्यार आहे. कंपनीच्या तोट्याचे आकडे बघून घाबरलेले प्रतिनिधी नेमके तेच विसरतात.

कपात कशातून?

एक सोपा हिशेब करू. को-पायलटचा दर तासाला १०० डॉलर आणि महिन्याला ७५ तासांची हमी, म्हणजे कमी उडवलं तरी ७,५०० डॉलर नक्की. कंपनीला दहा टक्के हवेत. दर ९० वर आणला तर हातात ६,७५०. दर तसाच ठेवून हमी साडेसदुसष्ट तासांवर आणली तरी हातात ६,७५०. पहिल्या महिन्यात दोन्ही पावत्या सारख्या दिसतात.

पण पहिल्या प्रकारात एकही नोकरी वाचत नाही, कारण माणशी काम तेवढंच राहिलं. दुसऱ्या प्रकारात तेच उड्डाण जास्त लोकांत वाटलं जातं. आणि हंगाम परत आला की दुसऱ्यात माणूस आपोआप ७५, ८० तास उडवू लागतो, पगार स्वतःहून वर येतो. पहिल्यात ९० चा दर नवा करार होईपर्यंत ९० च राहतो.

तिसरी जागा कामाच्या नियमांची, आणि तिथली कपात पगारपत्रकात दिसतच नाही. समजा महिन्याची कमाल मर्यादा ८० तासांवरून ८८ केली. हजार पायलट ८० तासांप्रमाणे ८०,००० तास उडवत होते. ८८ तासांनी तेवढ्याच कामाला ९१० पुरतात. कुणाच्याही दराला हात न लावता ९० जण जास्तीचे ठरले. सुट्टीचा दिवस पगारात किती तासांचा धरायचा, आजारी रजा किती वेगाने साठते, परगावी मुक्कामात उड्डाण नसलेल्या दिवसाचे किती तास मिळतात, ही सगळी याच घरातली कलमं. ‘आम्ही पगार वाचवला’ असं सांगणारा युनियनचा नेता या घरातून काय देऊन आला, हे आधी विचारावं.

चौथी जागा ‘स्कोप’ची. कंपनीच्या नावाने उडणारी किती विमानं स्वस्तातल्या प्रादेशिक कंपन्यांकडे देता येतील आणि ती किती आसनी असतील, याची मर्यादा म्हणजे स्कोप. त्या दशकात दिवाळखोरीच्या दडपणाखाली ही मर्यादा ५० आसनांवरून ७० आणि मग ७६ वर सरकली. पगार काही वर्षांनी परत आला. ती सत्तर-शहात्तर आसनी विमानं मात्र परत मोठ्या कंपनीच्या यादीत आली नाहीत. वरच्या पायलटांना या कलमाची झळ लागत नाही, म्हणून ते सोडायला सोपं वाटतं. त्याची किंमत अजून भरतीही न झालेले लोक मोजतात.

पाचवी जागा पेन्शनची. युनायटेडने २००५ मध्ये आपल्या चारही पेन्शन योजना मोडून त्या सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात टाकल्या. तूट ९.८ अब्ज डॉलरची होती. महामंडळाने हमी घेतली ६.६ अब्जांची. मधले ३.२ अब्ज कर्मचाऱ्यांचे गेले. पायलटांवर हा घाव दुहेरी पडला. महामंडळाची त्या वर्षीची कमाल हमी ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वर्षाला सुमारे ४५,६०० डॉलर होती, पण कायद्याने पायलटला साठाव्या वर्षी उडणं थांबवावं लागे, आणि साठीला ती हमी २९,६०० च्या आसपास उतरे. म्हणजे उशिरा निवृत्त होण्याची परवानगी नाही, आणि लवकर निवृत्त झाल्याची शिक्षा आहे. वयाची मर्यादा ६५ झाली ती डिसेंबर २००७ मध्ये. तोवर ज्यांची साठी झाली होती, ते निवृत्त होऊन गेले होते.

डेल्टात पेन्शनच्या भीतीने वेगळंच घडलं. तिथे निवृत्त होताना पेन्शनची निम्मी रक्कम एकरकमी उचलता येत असे. कंपनी बुडणार आणि योजना मोडणार, या धास्तीने २००४ मध्ये ज्येष्ठ कॅप्टन शेकड्यांनी वेळेआधी निवृत्त होऊ लागले. मोठ्या विमानांवर कॅप्टन कमी पडायची वेळ आली, आणि निवृत्त झालेल्यांनाच तात्पुरतं परत बोलवायचा करार युनियनशी करावा लागला. कपातीची नुसती कुणकुण लागली तरी माणसं कशी वागतात, याचा अंदाज कंपनीच्या तक्त्यांत नसतो.

करार संपत नाही, ही खरी गोम

अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू होतो. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांपर्यंत वाढवला गेला. या कायद्याखाली करार कधी संपत नाही. ठरलेल्या तारखेला तो फक्त ‘बदलण्यास खुला’ होतो. तोवरच नव्हे तर त्यानंतरही नवा करार होईपर्यंत जुनाच चालतो. बोलणी फिसकटली तर राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ मधे येतं, आणि मंडळ ‘आता तोडगा नाही’ असं जाहीर करून तीस दिवसांची मुदत सुरू करत नाही तोवर संपही करता येत नाही. मंडळावर घाई करायचं बंधन नाही.

चांगल्या काळात हा नियम पायलटांचं रक्षण करतो, कारण जुना चांगला करार टिकतो. मंदीतला करार मात्र याच नियमाने गळ्यात अडकून बसतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचं.

एप्रिल २००३. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. तीन मोठ्या युनियन आणि व्यवस्थापन मिळून वर्षाला १.८ अब्ज डॉलरची बचत ठरली. त्यातला पायलटांचा वाटा ६६ कोटी, दरातली कपात २३ टक्के. मतदान झालं. आणि १५ एप्रिलला, मतमोजणीच्याच सुमारास, कंपनीने शेअर बाजार नियामकाकडे भरलेल्या वार्षिक कागदपत्रांतून दोन गोष्टी उघड झाल्या: मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कंपनीत टिकून राहिल्यास मूळ पगाराच्या दुप्पट बोनस, आणि ४५ अधिकाऱ्यांचं पेन्शन दिवाळखोरीतही सुरक्षित राहावं म्हणून वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवलेले ४.१ कोटी डॉलर. कर्मचाऱ्यांच्या योजनांना तसं कवच नव्हतं. कागद भरायची मुदत कंपनीने पुढे ढकलून घेतली होती. ती ढकलली नसती तर हे मतदानाआधीच कळलं असतं. बोनस रद्द झाले, प्रमुख डॉन कार्टी यांना २४ एप्रिलला राजीनामा द्यावा लागला, कराराची मुदत सहाऐवजी पाच वर्षं झाली. पेन्शनचा ट्रस्ट मात्र राहिला.

इथे रकमेकडे बघू नये. ४.१ कोटी हे १.८ अब्जांपुढे किरकोळ आहेत, आणि त्यांनी कंपनी तरली वा बुडली नसती. पण ज्या धोक्याच्या नावाने पायलटांकडून कपात मागितली, त्याच धोक्यापासून अधिकाऱ्यांनी आपलं पेन्शन आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. ‘सगळे एका नावेत’ हे खोटं ठरलं ते इथे.

आणि तो पाच वर्षांचा करार? १ मे २००८ ला तो बदलण्यास खुला झाला. बोलणी चालली, मध्यस्थ आला, काही जुळलं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि पायलटांचा नवा करार मंजूर झाला तो डिसेंबर २०१२ मध्ये. पाच वर्षांसाठी म्हणून दिलेला त्याग साडेनऊ वर्षं चालला, त्यातली बहुतेक वर्षं तर कुणी करार न मोडताच. म्हणून आज जाणती युनियन कपातीच्या मसुद्यात ‘स्नॅपबॅक’ची तारीख मागते: अमुक दिवशी दर आपोआप जुन्या पातळीवर जातील, त्यासाठी नवी बोलणी लागणार नाहीत. ‘परिस्थिती सुधारल्यावर पुनर्विचार करू’ या वाक्याला काहीही किंमत नाही.

कोर्टात गेल्यावर

१९८३ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे प्रमुख फ्रँक लॉरेन्झो यांनी कंपनी दिवाळखोरीत नेऊन कामगार करार एका फटक्यात रद्द केले आणि निम्म्याहूनही कमी पगारावर लोकांना परत बोलावलं. पायलटांचा संप १९८५ पर्यंत चालला. त्या गदारोळातून १९८४ मध्ये दिवाळखोरी कायद्यात कलम १११३ आलं. त्यानुसार कंपनीने आधी युनियनला प्रस्ताव द्यायचा, पुनर्रचनेला जेवढे आवश्यक तेवढेच बदल मागायचे, आकडेवारी दाखवायची, प्रामाणिकपणे बोलणी करायची, सगळ्या घटकांना न्याय्य वागवायचं. युनियनने सबळ कारणाशिवाय नकार दिला तरच न्यायाधीश करार फेटाळू देतो.

कागदावर हे संरक्षण आहे. प्रत्यक्षात न्यायाधीश बहुतेक वेळा कंपनीच्या बाजूने झुकतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असल्याने खरी बोलणी कोर्टाच्या तारखेआधीच्या रात्रीच होतात. त्यात नॉर्थवेस्टच्या हवाई कर्मचाऱ्यांच्या खटल्यात २००७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की करार फेटाळला गेला तरी लगेच संप करता येणार नाही. म्हणजे करारही गेला आणि संपही गेला.

डेल्टाच्या पायलटांनी २००४ च्या नोव्हेंबरात, दिवाळखोरी टळावी म्हणून, ३२.५ टक्के कपात मान्य केली. दहा महिन्यांत कंपनी तरीही कोर्टात गेली आणि वर आणखी १४ टक्के गेले. हिशेब केला तर १०० चे ६७.५, आणि त्याचे ५८. तेव्हा बरेच जण म्हणाले की पहिला त्याग वायाच गेला. माझ्या मते तो वाया गेला असं म्हणता येत नाही, पण त्याला एक अट घालायला हवी होती: कंपनी तरीही कोर्टात गेली, तर दिलेली कपात दुसऱ्या फेरीत जमेस धरावी. अशी अट नसेल तर आधी देणारा दोनदा देतो.

मोबदला कशात घ्यायचा, यातही शिकण्यासारखं आहे. युनायटेडच्या पायलटांनी १९९४ मध्ये पगार सोडून कंपनीचे शेअर घेतले. कर्मचाऱ्यांकडे मिळून ५५ टक्के मालकी आली. पण ते शेअर नोकरी सोडेपर्यंत विकता येत नव्हते, आणि २००२ च्या दिवाळखोरीत ते मातीमोल झाले. पगार आणि बचत एकाच कंपनीत अडकली की ती बुडताना दोन्ही बुडतात. पुढे हा धडा पाळला गेला: पेन्शन मोडण्याला विरोध न करण्याच्या बदल्यात युनायटेडच्या पायलटांनी ५५ कोटी डॉलरचे रोखे घेतले, आणि डेल्टाच्या पायलटांनी कंपनीवरचा २.१ अब्जांचा, विकता येण्याजोगा दावा पदरात पाडून घेतला. विकता येईल असा कागद, नफ्यातला ठरलेला हिस्सा, हे मोबदले शेअरच्या स्वप्नापेक्षा खरे ठरले.

युनियन नेमकी कुणाची?

एवढं सगळं ठरवणारे प्रतिनिधी असतात मोजके. १९३१ पासूनच्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनमध्ये, म्हणजे आल्पामध्ये, प्रत्येक तळावरचे पायलट आपले प्रतिनिधी निवडतात, ते सगळे मिळून त्या कंपनीची कार्यकारी परिषद बनते, आणि अध्यक्षाची निवड परिषद करते. अमेरिकन एअरलाइन्सचे पायलट १९६३ मध्ये आल्पातून फुटले. त्यांच्या संघटनेत अध्यक्ष सर्व सभासदांच्या मताने निवडला जातो. मंदीत हा फरक ठळक होतो. परिषदेने निवडलेला अध्यक्ष कडू बातमी सांगायला धजावतो. थेट निवडून आलेल्याला पुढची निवडणूक दिसत असते.

अविश्वासाचं आणखी एक कारण फार साधं आहे. कंपनीचे हिशेब बघायला युनियन स्वतःचे लेखापाल नेमते, आणि त्यासाठी गोपनीयतेच्या करारावर सही करते. आकडे बघून आलेला प्रतिनिधी सभासदांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, ‘परिस्थिती खरंच वाईट आहे, पण किती ते सांगता येत नाही.’ मागच्या रांगेतला माणूस तेव्हा हाच विचार करतो की हा फितूर झाला. यावर निम्मा उपाय आहे: लेखापालाने स्वतः सभांना यायचं, आणि आकडे नाही तरी निष्कर्ष व त्यामागची पद्धत सांगायची.

प्रतिनिधित्वाच्या भांडणाने टोक गाठलं ते यूएस एअरवेजमध्ये. ही कंपनी २००५ मध्ये अमेरिका वेस्टमध्ये विलीन झाली. दोन्हीकडचे पायलट आल्पाचेच. पूर्वेकडचे, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजचे, वयाने आणि नोकरीने मोठे. पण दोन दिवाळखोऱ्यांत पोळलेले, पेन्शन गमावलेले, शेकड्यांनी फर्लोवर असलेले. पश्चिमेकडचे तरुण, पण कामावर. यादी कशी जुळवायची? पूर्वेचं म्हणणं, रुजू झाल्याची तारीख बघा. पश्चिमेचं म्हणणं, आम्ही आलो नसतो तर तुमची कंपनीच उरली नसती. तारीख कशाला, उद्या काय हातात उरलं असतं ते बघा.

ठरलेल्या पद्धतीने प्रकरण लवाद जॉर्ज निकोलाऊ यांच्याकडे गेलं. मे २००७ चा निवाडा: मोठ्या विमानांवरचे पूर्वेचे ५१७ पायलट सर्वांत वर, मग दोन्हीकडचे कामावर असलेले प्रमाणात गुंफून, आणि फर्लोवरचे तळाला. सतरा वर्षांची नोकरी असलेला पूर्वेचा पायलट कालपरवा लागलेल्या पश्चिमेच्या मुलाशेजारी येऊन बसला. पूर्वेची संख्या मोठी होती. त्यांनी नवी संघटना काढली, सह्यांची कार्डं गोळा केली आणि मध्यस्थी मंडळाकडे निवडणूक मागितली. एप्रिल २००८ मध्ये आल्पा हरली.

युनियन बदलली, पण कायद्याने नव्या युनियनलाही पश्चिमेचं प्रतिनिधित्व करणं भाग होतं. एका कंपनीत पायलटांचा प्रतिनिधी एकच असतो, आणि त्याच्यावर सगळ्यांना न्याय्य वागवायची जबाबदारी असते. पश्चिमेचे कोर्टात गेले. खटले वर्षानुवर्षं चालले. एकत्रित यादी नाही म्हणून एकत्रित करार नाही, आणि एकत्रित करार नाही म्हणून पूर्वेचे पायलट २००४ च्या दिवाळखोरीतल्या दरांवरच उडत राहिले, थेट २०१३ पर्यंत, अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण होईतो. अंतिम यादी लागली २०१६ मध्ये. तोवर वादातले कित्येक कॅप्टन निवृत्त होऊन गेले होते. रुजू तारखेच्या आग्रहाचं दुःख मला कळतं. वीस वर्षं झिजून पुन्हा तळाला बसणं हा अन्यायच वाटणार. पण त्या रागाची किंमत त्यांनी दर महिन्याच्या पगारातून चुकवली, आणि कंपनीला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

आपल्याकडे

भारतात मोठा फरक आहे तो मान्यतेचा. अमेरिकेत युनियनला प्रमाणपत्र देतं ते मध्यस्थी मंडळ, कंपनी ते काढून घेऊ शकत नाही. आपल्याकडे मान्यता वर्षानुवर्षं बहुतांशी मालकाच्या हातात होती. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण पायलटांच्या संघटना दोन राहिल्या. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान वेतनासाठी संप केला, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाच्या प्रशिक्षणाच्या प्रश्नावर संपावर गेली, तिचीही मान्यता गेली. तो संप ५८ दिवस चालला. दोन्ही वेळा वादाच्या मुळाशी अर्धवट राहिलेलं विलीनीकरणच होतं.

खासगीत तर युनियन काढणं हाच गुन्हा ठरला. ऑक्टोबर २००८ च्या मंदीत जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना काढलं तेव्हा त्यांच्याकडे जायला युनियन नव्हती. ते मुंबईत राज ठाकरे यांच्याकडे गेले, आणि एकदोन दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन केली. दोघांना बडतर्फ केलं गेलं, आणि सप्टेंबर २००९ मध्ये शेकडो पायलट एकदम आजारी रजेवर गेले.

१७ एप्रिल २०१९ ला जेटची विमानं थांबली तेव्हा पायलटांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. थकलेला पगार म्हणजे कंपनीला दिलेलं बिनव्याजी, बिनतारणी कर्ज. कापलेल्या पगाराचा निदान करार असतो, थकलेल्याचा तोही नसतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करायची वेळ आली, तर ‘कामगार’ ठरलेल्यांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात; इतर कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्यानंतर. म्हणून पायलट कायद्याने ‘कामगार’ आहे की नाही हा रुक्ष वाटणारा वाद थेट पैशांचा आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या रांगेबाहेर राहतात, म्हणून पगार थकू लागला की पहिल्याच महिन्यात निधीचं खातं उघडून बघावं: कापलेली रक्कम खरोखर जमा होते आहे का.

कोविडमध्ये काय वेगळं केलं

२०२० मध्ये काही युनियननी जुन्या चुका टाळल्या. डेल्टात १,७१३ पायलट फर्लोच्या उंबरठ्यावर होते. युनियनने दर सोडला नाही. महिन्याची हमी पाच टक्क्यांनी कमी करून काम वाटून घेतलं, आणि त्या बदल्यात जानेवारी २०२२ पर्यंत कुणालाही काढायचं नाही, अशी तारीख लिहून घेतली. ब्रिटिश एअरवेजमध्ये कपात २० टक्क्यांपासून सुरू होऊन दोन वर्षांत ८ टक्क्यांवर आणि पुढे शून्यावर जाईल, असा उतरता जिना करारातच होता. त्याच पैशांतून सुमारे ३०० पायलट कमी पगारावर राखीव ठेवले गेले, म्हणजे काम वाढलं की परत घ्यायला. तरीही २७० नोकऱ्या गेल्या.

मसुदा हातात आला की वाचायचा क्रमही यातूनच ठरतो. शेवटच्या पानापासून सुरुवात करावी: मुदत किती, स्नॅपबॅकची तारीख आहे की नुसतं आश्वासन. मग कामाचे नियम आणि स्कोप. मग अधिकाऱ्यांच्या पगार, बोनस आणि पेन्शनवर कुठलं कलम आहे का, आणि ते मोडलं तर आपली कपात रद्द होते का. ‘फर्लो नाही’ या हमीला ‘अपरिहार्य परिस्थिती वगळता’ अशी शेपटी असेल, तर त्या परिस्थितीची व्याख्या शोधावी; व्याख्येत ‘मागणीतील घट’ बसत असेल तर ती हमीच नव्हे. हे सगळं झाल्यावर पहिल्या पानावरचा टक्का बघावा.